बिनआवाजी पंप

पाहुण्याने चाचणीच्या खोलीत शिरण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळलं आणि बाहेरच्या बाकावर ठेवून दिलं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. कारखान्याचे मालक तर शेजारीच खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत उभे होते आणि जेवणाचं काय, परतीची गाडी कधी, असलं काहीबाही बोलत होते. पंप बनवणाऱ्या तिने, कारखान्याच्या इंजिनिअरने, मात्र ते घड्याळ रुमालात जाताना पाहिलं आणि तिच्या काळजाने अशी काही उडी मारली की विचारू नका. भीतीने नव्हे हो, आनंदाने! इतकी वर्षं या जाड दाराशी उभं राहून तिने लोकांना कंठशोष करून सांगितलं होतं, बाबांनो, घड्याळं काढा, किल्ल्या काढा, पोट गुरगुरत असेल तर आधी खाऊन या. आत पंपाचा आवाज मोजायचा असतो, तुमचा नाही. कोणी ऐकेल तर शपथ. उलट कारखान्यातल्या लोकांनी तिचं नावच श्शूबाई पाडलं, कारण तोंड उघडलं की ती आधी 'श्शू' म्हणे. पाहणीला आलेला एक बडा साहेब तर करकरणारे बूट घालून आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "करकरतो की हो तुमचा पंप!" आणि आज हा माणूस, परक्या देशातला, इस्पितळांसाठी पंप घ्यायला आलोय म्हणून सांगणारा, न सांगता घड्याळ काढून ठेवतो! आपल्यातला आहे हा, आपल्यातला, तिच्या मनाने टाळीच वाजवली. पहिला विचार हाच आला. दुसरा यायला जरा अवकाश लागला, आणि आला तोही पहिल्याला धक्का न लावता, गुपचूप त्याच्या शेजारी येऊन बसला. इस्पितळासाठी पंप घेणाऱ्या माणसाला ही सवय कशी?

परका देश म्हणजे समुद्रापलीकडचा. त्याचं नाव सहसा कोणी घेत नसे, सगळे नुसतं 'पलीकडचे' म्हणत, आणि ते म्हणताना प्रत्येकाचा सूर वेगळा लागे. ती लहान होती तेव्हा पलीकडचे इथली भंगारात काढलेली यंत्रं विकत नेत आणि तिचे वडील हसत, "न्या बाबांनो, खेळा." आता टेबलावरचा दिवा पलीकडचा, पायातली चप्पल पलीकडची, या खोलीच्या दाराला लावलेला रबराचा पट्टासुद्धा पलीकडचा. हसायचं कोणी उरलं नव्हतं. सकाळी टीव्हीवर मधल्या समुद्रातल्या बेटांवरून दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या उरावर बसत आणि दुपारी त्याच समुद्रातून माल बिनबोभाट ये-जा करी. मालकांना त्यात काही वावगं वाटत नसे. "भांडणारी माणसं वेगळी, विकणारी वेगळी. आपण विकणारे," ते म्हणत आणि विषय मिटवत. तिला विषय इतका सहज मिटवता येत नसे, कारण तिचा धाकटा भाऊ आपल्या नौदलात होता, तोही पाणबुडीवर. घरात त्याला टिल्लू म्हणत. आता चांगला सहा फुटी बाप्या झाला तरी टिल्लूच. त्याचं काम काय, तर कानाला यंत्र लावून पाण्यातले आवाज ऐकायचे, कुठली बोट, कोणाची, किती लांब, ते सांगायचं. बहीण आवाज मारते आणि भाऊ आवाज शोधतो, काय पण जोडी, असं ती कोणाला गमतीत सांगे. सध्या तो रजेवर तिच्याकडेच आला होता आणि घरातले सगळे नळ, बिजागऱ्या, खुर्च्यांचे पाय दुरुस्त करत सुटला होता.

आत गेल्यावर पाहुणा भिंतीला टेकला. डोळे मिटले आणि तोंड किंचित उघडं ठेवलं. हेही बरोबर! तोंड उघडं ठेवलं की आपल्याच श्वासाची घरघर आपल्याला त्रास देत नाही, हे समजायला तिला स्वतःला किती काळ लागला होता. तिने पंप सुरू केला. तो सुरू झाला हे केवळ काचेच्या नळीतलं पाणी हललं म्हणून कळायचं. एरवी काही नाही. तो 'काही नाही' ऐकताना तिच्या अंगावर आजही काटा आला, आणि आज प्रथमच दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर येताना तिने पाहिला. एकट्याने किती ऐकायचं माणसाने? गोड गाणं चार लोकांना ऐकवता येतं, ही शांतता कोणाला ऐकवायची? तिच्या डोळ्यांपुढे एकदम लहानपणचा जिना आला. वडील काही वाईट नव्हते, पण तापट, आणि त्यांचा ताप कुठवर चढलाय हे जिन्यातल्या पावलांवरून कळे. टाच आधी आपटली की ताई आणि टिल्लू दोघंही पुस्तकं उघडून बसत; चवडा आधी टेकला की खेळ चालू. पावलं ऐकत ऐकतच दोघं मोठी झाली, दोघांच्या पोटापाण्याची सोय तिथेच झाली म्हणायची. टिल्लू तर इतका बिलंदर की उशिरा घरी आला की जिना चढताना मुद्दाम वेडीवाकडी पावलं टाकी. एक लांब, दोन आखूड, मध्येच थांब, मग पुन्हा एक. "सारखी पावलं टाकली ना ताई, की कान ती मोजायला लागतो. अशी टाकली की कानाला वाटतं, घरच कुरकुरतंय," हे ज्ञान त्याने तिला पांघरुणात कुजबुजून दिलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी हाच पंप काही केल्या गप्प बसेना, पाणी ढकलणाऱ्या पात्यांचा एक हट्टी सूर निघतच राहिला, तेव्हा तिला ते पांघरूण आठवलं. तिने पाती सारख्या अंतरावर न बसवता वेडीवाकडी बसवली, एक लांब, दोन आखूड. सूर गेला! त्या दिवशी दार आतून लावून ती या खोलीत एकटीच नाचली होती. वयाला शोभत नव्हतं, पण बघायला होतं कोण?

"मेज तिरके केले तर?" पाहुण्याने डोळे न उघडता विचारलं. तिची भाषा तो छापील पुस्तकातल्यासारखी बोले. तिला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. मेज तिरकं करायची सोय तिने स्वतःच्या हौसेने केली होती, कोणी मागितली नव्हती, उलट मालकांनी त्या खर्चावरून तिचं डोकं खाल्लं होतं. तिने लगबगीने हातचाक फिरवलं, मेज एका बाजूला कललं, मग दुसऱ्या, मग पुढे झुकलं, आणि पंप जसाच्या तसा, मुका. "आणखी?" तिने खुणेनेच विचारलं. "आणखी," त्याने मान हलवली. दोघं अगदी खेळात रंगलेल्या पोरांसारखी झाली होती. शेवटी त्याने डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "बाई, असे मी कोठेही ऐकलेले नाही," तो म्हणाला, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती हातचाक उलटं फिरवून मेज सरळ करू लागली. हात फिरत होता, मन तरंगत होतं, आणि त्या तरंगण्यातच तिला दिसलं, की इस्पितळाची जमीन काही अशी कलत नाही. रोगी कलतील, खाटा कलतील, इमारत कुठे कलते? पुढे झुकते, मागे झुकते, तरी जिच्या पंपाने गप्प राहायला हवं अशी जागा एकच. पाणबुडी. तरी गंमत बघा, आपण घाबरलोय की आनंदलोय, हे तिचं तिलाच सांगता येईना. आपल्या पंपाला त्याची खरी जागा सापडली होती, एवढंच कळत होतं. ती जागा कोणाच्या पोटात आहे हे त्यामागून येत होतं.

बाहेर येऊन पाहुणा घड्याळ बांधत होता. मालक जेवणाची व्यवस्था बघायला पुढे गेले होते. तिने सरळ विचारलं, "कुठल्या इस्पितळात बसवणार हे?"

"मोठ्या."

"तिरक्या?"

तो हसला. मनापासून हसला, पकडला गेलेला माणूस हसतो तसा नव्हे. "बाई, हा पंप आपण आधी आपल्या देशाच्या नौदलाला दाखविला होता. त्यांनी काय उत्तर दिले?"

त्याला माहीत होतं म्हणजे! तिची कानशिलं तापली. उत्तर तिला तोंडपाठ होतं. वातानुकूलित खोलीत बसलेल्या त्या माणसाने पंपाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. 'एवढा खर्च करून आवाज कमी करायचा, मिळणार काय, झोप?' असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर खदखदला होता. "ज्यांना किंमत नाही त्यांच्यासाठी आपण आयुष्य घालविले," पाहुणा हळू आवाजात म्हणाला. "तिकडे या. आपल्यासाठी अशा शांत खोल्यांचा एक मजला बांधू. ऐकणारी माणसे देऊ." खोटं कशाला सांगा, तिला जावंसं वाटलं. क्षणभर तिने तो मजला पाहिलासुद्धा, एकामागून एक जाड दारं, प्रत्येक दाराशी घड्याळ काढून उभी असलेली शहाणी माणसं, आणि कोणालाही 'श्शू' म्हणायची गरज नाही. आपल्या माणसांनी टाकलेलं परक्याने उचलावं, यात दोष उचलणाऱ्याचा का टाकणाऱ्याचा? तिचं मन असं वकिली करू लागलं आणि ते किती हुशारीने करतंय हे पाहून तीच चपापली. टिल्लू सकाळी चहा पिताना म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात बोलावणं आहे, पुन्हा खाली. पाण्याखाली जायला तो नुसतं 'खाली' म्हणे, तळघरात जाऊन येतो म्हटल्यासारखं.

जेवणानंतर मालकांच्या खोलीत परवाना खात्याच्या अधिकारी बाई येऊन बसल्या. पलीकडे जाणाऱ्या मालाला त्यांची मंजुरी लागे, आणि लढाईच्या कामी येईल असा माल असला तर ती मिळत नसे. शंका आली की तपासणाऱ्या इंजिनिअरने समोर बसून तोंडाने खात्री द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. म्हणजे सगळं घोडं हिच्या जिभेवर अडलेलं. दारातच मालकांनी तिला बाजूला घेतलं होतं. "बाई, नुसतं हो म्हणा. निम्मा कारखाना काम नाही म्हणून घरी बसलाय. त्यांच्या चुली तुमच्या हातात आहेत." ते रागावले असते तर बरं झालं असतं, ते अगदी काकुळतीला आले होते, आणि सांगत होते ते खरंही होतं. ती खुर्चीत बसली. समोर पाहुणा, हाताची घडी घालून, शांत. अधिकारी बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मला यंत्रातलं कळत नाही, म्हणून सरळ विचारते. इस्पितळाला एवढा शांत पंप लागतो का हो?" तिच्या छातीत इतकं धडधडत होतं की या लोकांना ऐकू कसं येत नाही, याचंच तिला नवल वाटलं. हो म्हटलं की पंप जाणार, शेकड्यांनी जाणार, समुद्राच्या तळाशी आपलं काम फिरत राहणार, आणि त्या तळाशी कुठेतरी टिल्लू कान लावून बसलेला असणार. नाही म्हटलं की पंपावर कापड पडणार आणि त्याच्याबरोबर आपल्यावरही. तिला दोन्ही हवं होतं. दोन्ही! असं कधी होतं का, पण हवं होतं.

"नाही लागत," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "रोग्यांच्या घोरण्यापुढे याच्या दसपट आवाजाचा पंपसुद्धा कोणाला ऐकू यायचा नाही. एवढा शांत पंप ज्याला लपायचं असतं त्याला लागतो. पाण्याखाली लपायचं असतं त्याला."

बोलून झालं आणि तिला एकदम हलकं हलकं वाटलं, उठून पळत सुटावं असं. अधिकारी बाईंनी चष्मा घातला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि "मंजुरी नाही" म्हणून उठल्या. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुणा मात्र उठून तिच्यापुढे किंचित वाकला, आदरानेच, आणि कसलीही घासाघीस न करता निघून गेला. एवढ्या मोठ्या मालावर पाणी सोडताना माणूस थोडा तरी खट्टू होतो की नाही? तो झाला नाही, हे तिला टोचलं. मालकांनी दार लावून घेतलं. "समाधान झालं?" ते म्हणाले. "काय उपयोग झाला, सांगा. पहिले पंप गेल्या वर्षीच गेलेत त्यांच्याकडे. तुम्हीच तपासून दिलेत. ते चालले, आवडले, म्हणून तर हा आणखी घ्यायला आला होता." गेल्या वर्षी एक खोका गेला होता खरा, पण तो पलीकडच्या एका मत्स्यालयासाठी. माशांना आवाजाचा त्रास होतो, असं त्यांनी कळवलं होतं आणि तिला केवढं कौतुक वाटलं होतं त्या लोकांचं! माशांच्या झोपेची काळजी करणारी माणसं, म्हणून तिने ते पंप इतरांपेक्षा जास्त घासून, पुसून, निवडून दिले होते. "मासे," ती म्हणाली. "मासेच म्हणा," मालक म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिने जिना धावत उतरून अधिकारी बाईंना फाटकाशी गाठलं, धापा टाकत सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, चौकशी होईल म्हणाल्या, तुमच्यापर्यंत येईल म्हणाल्या. पण गेलेला माल काही परत येत नाही, हेही म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा टिल्लू स्वयंपाकघरात ऑम्लेटसाठी कांदा चिरत होता. डोळ्यांतून पाणी, नाकाने शिट्टी. "काय गं ताई, भूत बघितलंस का?" तिने पर्स ओट्यावर टाकली आणि चपलाही न काढता विचारलं, "टिल्लू, पलीकडच्यांच्या पाणबुड्या ऐकू येतात का रे तुला?"

"हे तू विचारायचं नसतं आणि मी सांगायचं नसतं. किती वेळा सांगितलंय?"

"येतात का?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. गॅस बंद केला. "यायच्या," तो म्हणाला. "सगळ्या यायच्या. कुठली खोकते, कुठली दात खाते, मला झोपेत उठवून विचार. पण हल्ली एक आहे, ती येत नाही. मागच्या फेरीत मी कान देऊन बसलोय आणि नुसतं पाणी. काही म्हणजे काही नाही. आणि ती आमच्या इतक्या जवळून गेली, ताई, की आमची बोट ढकलल्यासारखी हलली, माझ्या कपातला चहा सांडला. तेव्हा कळलं, कोणीतरी होतं. शेजारी होतं. मनात आणलं असतं तर..."

आणि ती हसली. देवाशपथ, तिला हसायचं नव्हतं. पण आत काहीतरी कारंज्यासारखं उसळलं, चाललं, समुद्रात चाललं, खाऱ्या पाण्यात, कलत्या बोटीत, आणि ऐकायला कोण बसलेला, तर टिल्लू, ज्याच्या कानातून जिन्यातलं झुरळ सुटलं नाही तो टिल्लू, त्यालाही ऐकू नाही आलं! आयुष्यात कोणी तिची इतकी तारीफ केली नव्हती. "हसतेस काय?" तो ओरडला. "माणसं आहोत आत आम्ही! पोरं आहेत पंचविशीची!" तेव्हा ते हसू तिच्या तोंडावरच वाळलं. तिला तो सांडलेला चहा दिसला, टिल्लूच्या मांडीवर, आणि त्याच्या भोवतीचं ते सगळं काळं पाणी. स्टूल ओढून ती बसली.

"तो पंप माझा आहे," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, मासे, तिरकं मेज, वेडीवाकडी पाती, त्याच्याच पावलांवरून चोरलेली. तो चिडेल, भांडी आपटेल, निदान वडिलांसारखा पाय तरी आपटेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्याने नुसता ओट्याला टेकून, कामावर विचारावं तसं विचारलं, "कसा ओळखायचा?"

"नाही ओळखता येत," ती म्हणाली, फटकन, आणि त्यातली ऐट तिला स्वतःलाच ऐकू आली.

आवाजच करत नाही असं यंत्र जगात नसतं, हे बनवणाऱ्याला सांगावं लागत नाही. पंपाचा वेग कमी करताना एका ठिकाणी, डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ, पाती एक सूर सोडत. बारीक, वरून खाली घसरणारा. मोजणाऱ्या यंत्रात तो कधी उमटला नव्हता. तिने एकटीने, कानाने, कितीदा तरी ऐकला होता आणि कोणाला, अगदी कोणालाही सांगितलं नव्हतं. पुढे कधीतरी बरा करू, तोवर कळायचं कोणाला? तेवढा सोडला तर पंप निर्दोष होता. तो सूर एकदा दुसऱ्याच्या कानात गेला की संपलं. मग हा पंप म्हणजे बाजारातल्या दहा पंपांसारखा एक, ओळखता येणारा, सापडणारा. तिच्या सगळ्या वर्षांचं मोल त्या लवलेशात होतं, आणि मालक, पाहुणा, ती खदखदून हसणारी खोली, यांच्यापैकी कोणीही तो तिच्याकडून काढून घेऊ शकलं नसतं.

"वेग कमी करतात तेव्हा," ती म्हणाली. "एकदाच येतो. नीट ऐक."

टिल्लूने डोक्यावरचा पंखा बंद केला, खिडकी लावली आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून कान तिच्या तोंडाजवळ आणला. तिने ओठ मिटले आणि तो सूर काढला, नाकातल्या नाकात, वरून खाली, जसा होता तसा.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिने पुन्हा काढला.